फुगा ३० किलोमीटर वर पाठवा, पण डबा परत आणा

हवामानाचा फुगा वर जातोच, त्यात फारसं कसब नाही. फोटो मात्र फुग्याखाली लटकवलेल्या, कॅमेरा ठेवलेल्या डब्यातल्या मेमरी कार्डावर असतात. डबा हरवला की सगळंच गेलं. म्हणून तयारी करताना आधी उतरण्याचा विचार करा.

१. विमान वाहतूक नियामकाची परवानगी घ्या. ती हातात येईपर्यंत एक रुपयाही खर्चू नका.

२. वाऱ्याच्या अंदाजावरून फुग्याची वाट काढून देणारी मोफत संकेतस्थळं आहेत. उड्डाणाआधी काही दिवस ती रोज पाहा. डबा पाण्यात, जंगलात किंवा वस्तीत पडेलसं दिसलं तर सरळ बेत पुढे ढकला.

३. डबा थर्माकोलचा घ्या. वाटेत पारा उणे ५० अंशांखाली जातो आणि साधे सेल तिथे मान टाकतात. एकदाच वापरायचे लिथियम सेल घाला. भिंगावर बाष्प धरू नये म्हणून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. कॅमेऱ्याचा फोकस दूरवर कायम करा.

४. खरी गोम ट्रॅकरमध्ये, म्हणजे डबा कुठे आहे ते कळवणाऱ्या यंत्रात आहे. क्षेपणास्त्रांत वापर होऊ नये म्हणून अनेक जीपीएस चिप १८ किलोमीटरच्या वर ठिकाण सांगणं बंद करतात. जास्त उंचीवर चालणारी चिप निवडा आणि तिचा उंच उड्डाणासाठीचा ‘एअरबोर्न’ मोड (मोबाइलमधला ‘एअरप्लेन मोड’ नव्हे) चालू करा. नुसत्या मोबाइलच्या भरवशावर राहू नका, वर त्याला नेटवर्क नसतं. सोबत रेडिओ ट्रॅकर हवाच. त्याच्या फ्रिक्वेन्सीचे नियमही पाहून घ्या.

५. वर फुगा फुटला की डबा खाली पडतो, म्हणून फुगा आणि डबा यांच्यामध्ये पॅराशूट बांधा.

६. हायड्रोजन पेट घेतो, नवख्यांनी हेलियमच वापरावा. डबा, पॅराशूट, दोरी यांचं वजन आणि चढण्यासाठी लागणारी जादा उचल, एवढ्या वजनाची पाण्याची बाटली फुग्याच्या तोंडाला लटकवा. बाटली जेमतेम तरंगली की गॅस बंद. फुगा ढिला दिसतो, आणखी भरावासा वाटतो, भरू नका. ३० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम एक टक्का उरतो, तिथे तो आपोआप अवाढव्य फुगतो. जास्त भरलेला फुगा खालीच फुटतो. सेकंदाला ५ मीटर वेग धरला तर वर पोचायला १०० मिनिटं लागतात.

७. डब्यावर फोन नंबर आणि ‘धोकादायक नाही’ असं ठळक लिहा. शोधणारी गाडी उड्डाणाआधीच उतरण्याच्या बाजूला धाडा. जमिनीजवळ आल्यावर रेडिओचा आवाका एकदम घटतो, तेव्हा त्याआधी आलेलं शेवटचं ठिकाण कागदावर टिपून ठेवा. शोध तिथूनच सुरू करायचा.