जुनी गाडी थेट मालकाकडून ऑनलाइन घेताना: आधी कागद, मग गाडी, शेवटी पैसे

थेट मालकाकडून गाडी घेतली की डीलरचं कमिशन वाचतं. पण डीलर जी तपासणी करतो, किंवा त्याने करायला हवी, ती सगळी आता तुमच्या अंगावर येते. मालक खरा आहे का, कर्ज फिटलंय का, गाडी आपल्या नावावर चढेल का, हे तुम्हालाच पाहावं लागतं. अशा व्यवहारात माणूस फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: पैसे कागदाच्या पुढे निघून जातात. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

पायरी १: फोनवरच चाळणी लावा

जाहिरात आवडली की पहिल्याच फोनवर नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो आणि आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) दोन्ही बाजूंचा फोटो मागा. गाडीचा नंबर द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला तिथेच सोडा. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी कॅम्पात उभी आहे, ट्रान्सपोर्टने घरपोच पाठवतो, आधी टोकन (आगाऊ रक्कम) टाका’ ही फसवणूक वर्षानुवर्षं चालू आहे. सोबत गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही येतं. भाव बाजारापेक्षा खूपच खाली असतो, म्हणूनच माणूस घाई करतो. गाडी डोळ्यांनी पाहण्याआधी एक रुपयाही पाठवायचा नाही. आणि यूपीआयवर पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. ‘टोकन परत करतो, हा कोड स्कॅन करा’ असं कोणी म्हणालं, तर तुमच्या खात्यातून आणखी पैसे जाणार आहेत. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आली, तरच ती मिळण्याची आशा असते.

पायरी २: नंबरवरून इतिहास काढा

एमपरिवहन ॲपवर किंवा ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण आरसीशी ताडून पाहायला तेवढं पुरतं. नोंदणीची तारीख, मालक कितवा, इंधन, विम्याची मुदत आणि गाडीवर कोणत्या बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) आहे, हे सगळं वाचा. सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. ई-चलानच्या संकेतस्थळावर थकलेला दंड बघा आणि व्यवहाराआधी विक्रेत्याकडून भरून घ्या. गाडी चोरीची आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत पाहता येतं.

दिल्ली-एनसीआरची गाडी स्वस्त दिसते त्याला कारण आहे. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले, म्हणून त्या वयाकडे झुकलेल्या गाड्या दुसऱ्या राज्यांत विकल्या जातात. अशा गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८ लागतो, मग इथे पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर. हा खर्च किमतीत धरल्यावर बरेचदा स्वस्ताई उरत नाही.

पायरी ३: माणूस ओळखा

आरसी, आधार आणि बँक खातं या तिन्हींवर एकच नाव हवं. ‘मित्राची गाडी आहे’, ‘भाऊ परदेशात आहे’ असं ऐकलं तर मूळ मालकाशी समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. मालक वारले असतील तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर होऊ द्या, मगच घ्या.

पायरी ४: गाडी दिवसा, कोरडी आणि थंड बघा

नुकत्याच धुतलेल्या गाडीवर ओरखडे आणि रंगातला फरक लपतो. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. ते गरम असेल तर इंजिन तुमच्यासाठी आधीच तापवून ठेवलेलं आहे. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सिलिंडरमध्ये जात असण्याची शंका घ्या.

सगळ्यात महत्त्वाचा चेसिस नंबर. तो १७ अक्षरांचा असतो आणि साधारणपणे इंजिनमागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटजवळ कार्पेटखाली ठोकलेला असतो. एकेक अक्षर आरसीशी ताडा. अक्षरं वेडीवाकडी, आजूबाजूला घासल्याच्या खुणा, वेल्डिंगची रेघ किंवा ताजा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. सगळं नीट असेल तर पेन्सिलने त्याचा ठसा काढून ठेवा.

अपघाताच्या खुणा बाहेरच्या रंगापेक्षा सांध्यांत सापडतात. बॉनेट, दरवाजे आणि डिकीच्या बिजागरांचे बोल्ट बघा. पान्याने रंग उडालेला असेल तर ते उघडलेले आहेत. दरवाज्याचा रबर ओढून पिलरवरचे (छत पेलणाऱ्या खांबावरचे) गोल वेल्ड एकसारखे आहेत का पाहा. रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो, पुट्टी भरलेल्या जागी आकडा कित्येक पटींनी चढतो. नुसतं बंपर रंगवलेलं असणं काही मोठी गोष्ट नाही. पिलर किंवा चेसिसचा दांडा कापून जोडलेला असेल तर मात्र कितीही कमी भावात घेऊ नका, कारण पुढच्या धडकेत तो भाग तुम्हाला वाचवणार नाही.

पुरात बुडालेली गाडी ओळखणं त्याहून अवघड. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं होतं. बुडालेली गाडी साफ करून लांबच्या शहरात विकली की नंबर प्लेटवरून काही कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, खालच्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या पट्ट्यांवरचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातली माती आणि डॅशबोर्डखालचा फ्यूजबॉक्स बघा. काचा बंद करून एसी लावा आणि कुबट वास येतो का ते बघा. वायरिंगमध्ये गेलेलं पाणी कित्येक महिन्यांनी त्रास द्यायला लागतं, तोवर विक्रेता फोन उचलत नसतो.

मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका, ते सहज मागे फिरवता येतात. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नंबरवरून सर्व्हिसचा इतिहास काढायला मालकालाच सांगा. ब्रेक पॅडलचा झिजलेला रबर आणि गुळगुळीत स्टिअरिंग मीटरवरच्या ३० हजारांशी जुळत नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

यानंतर १५-२० किलोमीटर चालवा, त्यात चढ आणि खराब रस्ता हवाच. पसंत पडली तर विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे, तुमच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून स्कॅनर लावून घ्या. नुकतेच पुसलेले फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) असतील तर तेही बरेचदा स्कॅनरमध्ये कळतात.

पायरी ५: पैसे आणि सह्या एकाच बैठकीत

टोकन द्यायचंच असेल तर लहान रकमेचं, मालकाच्याच खात्यावर, आणि ते कोणत्या अटींवर परत मिळेल हे लिहून. कर्ज असेल तर बँकेचं फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल याचं पत्र) मागा आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरा, विक्रेत्याच्या हातात नको. नंतर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्यासाठीच्या शिक्क्याच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती मिळतात. त्याशिवाय बोजा उतरत नाही.

बाकी रक्कम देण्यासाठी विक्रेत्याच्या बँकेच्या शाखेत भेटा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने मना आहे आणि दंड घेणाऱ्याला बसतो, त्यामुळे ‘अर्धे रोखीत द्या’ला नकार द्या. आरटीजीएसने (बँकेतून थेट खात्यात) पैसे पाठवण्याआधी फॉर्म २९ (मालकी बदलल्याची सूचना) च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० (हस्तांतराचा अर्ज) वर सह्या, मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि दोन्ही किल्ल्या टेबलावर हव्यात. कोऱ्या फॉर्मवरच्या ‘खुल्या सह्या’ कधीही घेऊ नका. तुमचं नाव, तारीख, किंमत सगळं समोर भरा. ताबा दिल्याच्या चिठ्ठीवर तारखेबरोबर वेळही लिहा, म्हणजे आधीचं चलान कोणाचं यावर वाद होत नाही. स्टॅम्प पेपरवरचा करार पुरावा म्हणून उपयोगी आहे, पण आरटीओच्या नोंदीत मालक त्याने बदलत नाही.

विक्रेता आरटीओच्या कामाला कंटाळत असेल तर त्याला त्याचाच फायदा सांगा. नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. ऑनलाइन हस्तांतराचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो, म्हणून तो अर्जही त्याच बैठकीत उरका.

पायरी ६: पुढचे ३० दिवस

खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, विम्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई पॉलिसी नावावर झाल्याशिवाय मिळत नाही. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे तो फरक तुम्हाला भरावा लागेल. विक्रेत्याला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा, नाहीतर त्याच नंबरवर तुमचा निघणार नाही.

जमलं तर किमतीतली थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवायचं करारातच ठरवा. वाहन पोर्टलवर तुमचं नाव आलं की ती त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवा.