कार्यालयात ई-ऑफिस सुरू करताना

एनआयसीची (केंद्र सरकारचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) ई-ऑफिस, म्हणजे फायली संगणकावर चालवण्याची प्रणाली, बंद पडते ती बहुधा संगणकामुळे नाही, तर कागदी नस्ती (फाइल) तिच्या जोडीने चालू राहते म्हणून. त्यामुळे तारीख ठरवा: त्या दिवसापासून नवे टपाल फक्त ई-ऑफिसमध्ये. साहेबांनीही कागदी टिप्पणीवर सही करायची नाही. एकदा केली, की तासाभरात सगळ्या कार्यासनांना (कामाच्या टेबलांना) कळते.

त्याआधी कर्मचाऱ्यांची यादी पक्की करा. खाते व्यक्तीचे असले तरी नस्ती पदाकडे जाते. बदली झाल्यावर नोंद बदलली नाही तर नस्त्या जुन्या माणसाच्या खात्यात अडकतात. डिजिटल स्वाक्षरीची मुदतही तपासा.

जुने सगळे स्कॅन करत बसू नका. सहा गठ्ठे पद्धतीने, म्हणजे कागद सहा प्रकारांत वेगळे करून, लावलेले दप्तर असेल तर काम निम्मे: चालू प्रकरणे आधी, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे) नंतर, 'ड' वर्गाचे, म्हणजे थोडा काळच जपायचे कागद नियमानुसार नष्ट. साध्या कागदाला स्कॅनची स्पष्टता २०० डीपीआय, कृष्णधवल पुरते. स्कॅनमध्ये पाने उलटी, अर्धवट येतात. आवक लिपिकाने पृष्ठसंख्या जुळवूनच पुढे पाठवावे.

प्रशिक्षण सभागृहात नको, टेबलावर द्या, खऱ्या नस्तीवर. हिरवी, म्हणजे पक्की टिप्पणी पुढे गेली की खोडता येत नाही, याची धास्ती मोठी. म्हणून आधी पिवळ्या, म्हणजे कच्च्या टिप्पणीवर हात बसू द्या. निवृत्तीला आलेल्या अव्वल कारकुनाला शेजारी तरुण लिपिक द्या, पण मसुदा त्यांच्याकडूनच घ्या. नियम त्यांनाच पाठ असतात.

दर सोमवारी प्रलंबित नस्त्यांचा अहवाल काढा, कार्यासननिहाय.