नको असलेलं गाभणपण : कुत्रीला गर्भपाताचं इंजेक्शन देण्याआधी आणि दिल्यानंतर

मळ्यात मोकळ्या असलेल्या कारवानी जातीच्या कुत्रीची माजावर असताना गावकुत्र्याशी गाठ पडली, म्हणजे समागम झाला, तर आधी कॅलेंडरवर तारीख लिहा. ती दोन-तीन दिवस सुटलेली असेल, तर पहिली आणि शेवटची अशा दोन्ही तारखा टिपा. पुढचं सगळं या तारखांवर ठरतं.

कुत्रीचं गाभणपण प्रोजेस्टेरॉन या हार्मोनवर टिकतं. अॅग्लेप्रिस्टोन हे गर्भपाताच्या इंजेक्शनचं औषध गर्भाशयात प्रोजेस्टेरॉनची जागा अडवतं. रक्तात हार्मोन असतो, पण गर्भाशयाला तो लागू होत नाही. त्यामुळे इंजेक्शननंतर लगेच रक्त तपासून 'काम झालं का' हे कळत नाही.

डोस किलोला १० मिलिग्रॅम. औषध मिलीला ३० मिलिग्रॅमचं असतं, म्हणून वजनाला ३ ने भागा : २४ किलोच्या कुत्रीला ८ मिली. २४ तासांनी पुन्हा तेवढंच. दुसरं इंजेक्शन चुकवू नका. वजन काट्यावरच करा, कारण अंदाज चुकला तर डोस कमी पडतो. औषध तेलकट असतं, टोचताना दुखतं. एका जागी ५ मिलीपेक्षा जास्त नको, म्हणून ८ मिली दोन जागी, मानेमागच्या सैल कातडीखाली, आणि नंतर जागा चोळायची. हे काम डॉक्टरांचंच. गरोदर बाईने हे औषध हाताळू नये. कुत्रीला मधुमेह, लिव्हर किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

इंजेक्शन देण्याची मुदत ४५ दिवस, आणि ती पहिल्या तारखेपासून मोजा. घाई मात्र नको. गाठ पडलेली प्रत्येक कुत्री गाभण राहतेच असं नाही. शेवटच्या तारखेपासून २५ ते ३० दिवसांनी सोनोग्राफी करून खात्री झाल्यावर इंजेक्शन देणं आम्हाला जास्त योग्य वाटतं. सगळ्या दवाखान्यांत हे औषध ठेवलेलं नसतं. सांगली-मिरज, कराडला किंवा शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आधीच चौकशी करा. चाळिसाव्या दिवशी शोधाशोध नको.

साधारण आठवड्यात गर्भ पडतो. लवकर दिलं तर थोडा चिकट स्राव दिसतो, उशिरा दिलं तर पिल्लं बाहेर पडतात, सडांत दूध उतरतं, एखादा दिवस खाणं कमी होतं. इंजेक्शननंतर १० दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी कराच. एखादं पिल्लू आत राहिलं तर उपचार पुन्हा करावा लागतो. घाण वासाचा पू, ताप, खूप पाणी पिणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भाशयात पू झालेला असू शकतो.

माणसांच्या गर्भपाताच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. अर्धवट गर्भपात झाला तर मेलेलं पिल्लू आत सडतं. जुन्या पद्धतीचं इस्ट्रोजेनचं इंजेक्शनही नको, त्याने गर्भाशयात पू होऊ शकतो आणि हाडांतला रक्त बनवणारा मगज खराब होऊ शकतो.

कुत्री अजून माजावर असेल तर इंजेक्शननंतरही बांधूनच ठेवा. पुढचा माज एक ते तीन महिने लवकर येतो, तेव्हा ती तारीख आत्ताच मोजून ठेवा. पिल्लं कधीच नको असतील तर हा खर्च करण्यापेक्षा गर्भाशय-अंडाशय काढण्याचं ऑपरेशन करून घ्या. गाभण असतानाही ते करता येतं.