कारखान्याच्या युनिफॉर्मचा पर्यावरणावरचा भार मोजताना या चुका टाळा

‘आमचा युनिफॉर्म 25 टक्के कमी कार्बनचा’ असं पुरवठादाराने लिहून दिलं, की पहिला प्रश्न विचारायचा: तो किती वेळा धुऊन टिकतो? टिकाऊपणा सोडून केलेला हिशेब कामाच्या कपड्यांना लागूच होत नाही.

नगावर हिशेब करणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. समजा, जुना सूट तयार होताना 12 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि 60 वेळा धुऊन टिकतो. नवा 9 किलो सोडतो, पण 40 धुण्यांत गुडघ्याला विरतो. वर्षाचे 300 दिवस काम आणि दर दोन दिवसांनी एक धुणं धरलं, तर 150 धुणी होतात. जुने अडीच सूट लागतात, म्हणजे 30 किलो. नवे पावणेचार लागतात, म्हणजे जवळपास 34 किलो. नगामागे 25 टक्के ‘हिरवा’ असलेला कपडा वर्षाला जास्त भार टाकतो. म्हणून आयएसओ 14040 आणि 14044 (वस्तूचा जन्मापासून शेवटपर्यंतचा पर्यावरणभार मोजण्याची आंतरराष्ट्रीय मानकं) यांनुसार तुलनेचं एकक आधी ठरवा: ‘एका कामगाराला एक वर्ष पुरेल इतका, सुरक्षेच्या अटी पाळणारा पोशाख’.

टिकण्याचा आकडा कॅटलॉगमधून उचलू नका. 30 ते 50 सुटांच्या कॉलरच्या आत नंबर शिवा. दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख आणि बाद होण्याचं कारण स्टोअरच्या रजिस्टरमध्ये लिहा. कारणाचा रकाना नीट भरायला लावाच. चेन तुटली, माप बदललं, कंपनीचा लोगो बदलला, कामगार सोडून गेला, अशा कारणांनी धड कापडही बाद होतं. तिथे धागा बदलून काही साधत नाही. चेन बदलून देणारा शिंपी नेमा.

धुलाईचे परके आकडे वापरणं

हा हिशेब करणाऱ्या तयार सॉफ्टवेअरमध्ये बहुधा युरोपातली धुलाई असते: गरम पाणी, वॉशिंग मशीन, ड्रायर. आपल्याकडे अनेक कामगार युनिफॉर्म घरी नेतात, थंड पाण्यात धुतात आणि दोरीवर वाळवतात. तिथे हे आकडे घातले तर धुलाईचा भार उगाच फुगतो. उलट, कंपनीची लाँड्री असेल आणि धुलाई हिशेबातच नसेल, तर मोठा भार लपतो.

पडताळा स्वतः करता येतो. एक किलो कपड्यांना 10 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांपर्यंत तापवायला, गळती सोडून, सुमारे 0.41 युनिट ऊर्जा लागते. वीज वापरली आणि भारतीय ग्रिडचा (देशाच्या वीजजाळ्याचा) युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइडचा दर धरला, तर एका धुण्याला 0.29 किलो आणि 50 धुण्यांना 14 किलोच्या वर. सूटही साधारण किलोभराचाच असतो. लाँड्रीचा बॉयलर डिझेलवर असेल, तर ग्रिडचा दर लावू नका. इंधनाची बिलं काढा आणि लिटरमागे सुमारे 2.7 किलो धरा. ड्रायरची वीज वेगळी नोंदवा.

शिवलेल्या कपड्याचंच वजन धरणं

कटिंगमध्ये गेलेली चिंधीही कताई, विणाई आणि रंगाई होऊनच आलेली असते. 245 जीएसएमचं (चौरस मीटरला 245 ग्रॅम) 1.47 मीटर पन्ह्याचं कापड सव्वातीन मीटर लागलं, तर ते 1.17 किलो भरतं. हिशेबात हा आकडा घ्या. वजन पावसाळ्यात करत असाल तर जपा: सुती धागा हवेतला ओलावा बराच शोषतो, पॉलिएस्टर नगण्य. नमुने 20 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रतेत ठेवून मगच तोला.

प्रमाणपत्रालाच मोजमाप समजणं

जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्राला किमान 70 टक्के सेंद्रिय धागा लागतो. जीआरएस हे पुनर्वापरित मालाचं प्रमाणपत्र 20 टक्के पुनर्वापरित मालापासून पुढे मिळू शकतं. दोन्ही धाग्याचा माग दाखवतात आणि प्रक्रियेच्या अटीही घालतात, पण तुमच्या सुटाचा कार्बन किती हे सांगत नाहीत. प्लॅस्टिकच्या जुन्या बाटल्यांपासून केलेल्या पॉलिएस्टरचं श्रेय सुरुवातीला घेऊन, शेवटी ‘कपडा पुन्हा वापरात जाईल’ म्हणून पुन्हा घेतलं, तर एकच फायदा दोनदा मोजला जातो. एकच पद्धत निवडा आणि ती लिहून ठेवा.

पाण्याचंही तसंच. किलोभर सुती कापडामागे 10,000 लिटर हा जागतिक सरासरीचा आकडा सगळीकडे चिकटवतात. विदर्भातला कापूस बहुतांशी कोरडवाहू आहे. पावसाचं पाणी आणि कालव्या-विहिरीचं पाणी वेगळं दाखवलं नाही, तर तो आकडा निरुपयोगी आहे. रंगाईचं सांडपाणी हा तिसरा, स्वतंत्र रकाना.

निकाल विचित्र आला तर

धुलाईचा वाटा शून्य दिसला, तर तो टप्पाच गळलाय. 80 टक्क्यांच्या वर गेला, तर पाण्याचं तापमान, ड्रायर आणि विजेचा दर तपासा. एकूण आकडा उणे आला, तर पुनर्वापराचं श्रेय वाजवीपेक्षा जास्त धरलंय. मग टिकण्याचा आकडा 20 टक्के खाली-वर करून पाहा. दोन कपड्यांचा क्रम उलटला, तर ‘अमुक चांगला’ असं छापू नका. दोन्ही टोकं द्या.

वेल्डिंग किंवा भट्टीजवळच्या पोशाखाची तुलना साध्या सुटाशी कधीच करू नका. ठरलेल्या धुण्यांनंतरही आपापल्या सुरक्षा मानकाची (वेल्डिंगसाठी आयएसओ 11611, भट्टीच्या उष्णता-ज्वाळांसाठी आयएसओ 11612) चाचणी पास होणारे कपडेच एका तक्त्यात ठेवा.