जुन्या ओढायच्या कंबाइनने सोयाबीन काढताना या चुका टाळा

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडील इलिनॉय, इंडियाना, आयोवा या राज्यांत काही हौशी आणि काही अल्पभूधारक शेतकरी आपले थोडेसे सोयाबीन आजही जुन्या ट्रॅक्टरमागे ओढल्या जाणाऱ्या कंबाइनने काढतात. अशा यंत्रांपैकी सर्वांत परिचित म्हणजे अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीचे ‘ऑल-क्रॉप ६०’. १९३०च्या दशकाच्या मध्यात ते बाजारात आले, इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथील कारखान्यात तयार होत असे, आणि नावातील ६० हा आकडा त्याच्या ६० इंची, म्हणजे पाच फुटी, कापणीचा आहे. त्याचा मळणीचा सिलिंडर जवळजवळ कापणीइतकाच रुंद असून त्याच्या पट्ट्यांवर रबर असते, त्यामुळे नीट जुळवल्यास हे यंत्र दाणा फारसा फोडत नाही. तरीही दाणे फुटतात, शेंगा न मळता मागून बाहेर पडतात, सिलिंडर तुंबतो, आणि दोष यंत्राच्या वयाला दिला जातो. बहुतेक वेळा दोष यंत्र फिरण्याच्या गतीचा, म्हणजे फेऱ्यांचा असतो.

थ्रॉटल कमी करून वेग कमी करणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक. कंबाइनचा सिलिंडर, पंखा, चाळण्या आणि कॅनव्हासचा पट्टा या सर्वांची गती पीटीओच्या, म्हणजे यंत्राला शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्याच्या, मिनिटाला ५४० फेऱ्या गृहीत धरून ठरवलेली असते. पीक दाट आले की चालक सवयीने थ्रॉटल मागे घेतो. त्याने ट्रॅक्टर हळू होतो खरा, पण त्याच क्षणी सिलिंडरही मंदावतो, पंख्याचा वारा पडतो आणि चाळण्यांची हालचाल अपुरी होते. म्हणजे यंत्राला अधिक शक्ती हवी असते नेमकी तेव्हाच ती काढून घेतली जाते. इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवरच ठेवावे आणि वेग कमी करायचा असेल तर खालचा गिअर घ्यावा. १९३३ ते १९४८ या काळात बनलेला अ‍ॅलिस-चाल्मर्स डब्ल्यूसी हा ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्येही ताशी सुमारे चार किलोमीटर जातो, त्यामुळे फार दाट किंवा तणकट पिकात गिअरही पुरत नाही. अशा वेळी पूर्ण पाच फुटांऐवजी अरुंद पट्टा कापणे हाच उपाय आहे. ३० इंची ओळी असतील तर दोनऐवजी एकच ओळ घ्यावी. वेळ दुप्पट लागेल, परंतु तुंबलेला सिलिंडर हाताने मोकळा करण्यात जाणारा वेळ त्याहून अधिक असतो.

जुन्या इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे फेऱ्या स्थिर ठेवणारा भाग, थकलेला असू शकतो, म्हणून कानावर विसंबू नये. हातात धरायच्या टॅकोमीटरने पीटीओच्या फेऱ्या एकदा रिकाम्या यंत्रावर आणि एकदा पिकात मोजाव्यात. पिकात शिरताच त्या बऱ्याच खाली येत असतील तर कंबाइनला हात लावण्यापूर्वी इंजिन पाहावे.

याच्याशी जोडलेली दुसरी अडचण क्लचची आहे. डब्ल्यूसीसारख्या ट्रॅक्टरचा क्लच आपल्याकडच्या भाषेत ‘सिंगल क्लच’. तो दाबला की चाके थांबतात आणि पीटीओही थांबतो, त्यामुळे यंत्रात शिरलेले पीक तिथेच अडकते. म्हणून थांबायचे असल्यास क्लच दाबून लगेच गिअर न्यूट्रलमध्ये आणावा आणि क्लच सोडून यंत्र फिरू द्यावे, म्हणजे पोटातला माल निघून जातो. १९४८ साली आलेल्या डब्ल्यूडीमध्ये यासाठी वेगळा हातक्लच दिला होता. चाके थांबवूनही पीटीओ चालू ठेवता येतो. फक्त याच कामासाठी जुना ट्रॅक्टर निवडायचा असेल तर मी डब्ल्यूडीच घ्यायला सांगेन.

फुटलेले दाणे पाहून चुकीचा स्क्रू पिळणे

टाकीत फुटके दाणे दिसले की अनेकजण आधी चाळणी बदलतात, ज्याचा फुटण्याशी संबंध फार थोडा आहे. दाणा फुटण्याची नेहमीची कारणे दोन: सिलिंडर जास्त वेगाने फिरतो आहे, किंवा तो आणि कॉनकेव्ह (सिलिंडरखालची वक्र जाळी) यांतील अंतर कमी आहे. आधी सिलिंडरची गती कमी करावी, तीही पट्टा-पुली बदलून, इंजिन मंद करून नव्हे. मग गरज पडल्यास अंतर वाढवावे. उलट न मळलेल्या शेंगा मागून पडत असतील तर उलट दिशेने जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि थोडे अंतर कापून टाकीत व मागच्या कुटारात पाहावे. रबराच्या पट्ट्या कडक होऊन तडकल्या असतील तर कितीही जुळवणी केली तरी मळणी एकसारखी होत नाही. बियाण्यासाठी सोयाबीन मळताना फेऱ्या कमी ठेवाव्यात हे विदर्भ-मराठवाड्यातील मळणी यंत्र चालवणाऱ्यांना ठाऊकच आहे. दाण्याचे साल पातळ असल्याने वरून न दिसणारी इजाही उगवण घटवते.

ओलाव्याचे गणित येथेच येते. अमेरिकी बाजारात सोयाबीनचा प्रमाण ओलावा १३ टक्के धरतात, आणि काढणीलाही त्याच्या आसपासचा ओलावा चांगला. ‘अजून दोन दिवस वाळू द्या’ म्हणत थांबले की शेंगा तडकू लागतात. दुपारच्या कडक उन्हात कटर बारच्या, म्हणजे पीक कापणाऱ्या पात्यांच्या पट्टीच्या, धक्क्यानेच दाणे गळतात. दव नुकतेच उडालेली सकाळ किंवा संध्याकाळ यासाठी बरी. मात्र हिरवे तण व हिरवे देठ घेऊन गेलात तर दाण्यांवर डाग पडतात आणि सिलिंडरभोवती गुंडाळाही होतो.

नुकसान मोजायचे राहून जाते

सोयाबीनमधील बहुतेक नुकसान कापणीच्या तोंडाशी होते, चाळण्यांवर नव्हे. ते मोजण्यासाठी एक फूट लांब-रुंद चौकट पुरते. तिच्यात सरासरी चार दाणे म्हणजे एकरी सुमारे एक बुशेल, म्हणजे २७ किलो माल जमिनीत गेला. आधी न कापलेल्या उभ्या पिकात मोजावे, कारण आपोआप गळलेले दाणे यंत्राच्या माथी मारू नयेत. मग कटर बारच्या मागे, पण कुटार पडण्याच्या जागेपूर्वी, आणि शेवटी यंत्राच्या मागे. ओढायचे यंत्र मागे घेणे त्रासाचे असते, म्हणून मोजणीसाठी थांबण्याची जागा आधीच ठरवावी. कटर बारमागेच दाणे अधिक असतील तर बोथट पाती, सैल दाबपट्ट्या, जास्त वेगाने फिरणारे रील (पीक पात्यांकडे ओढणारे चक्र) किंवा उंच धरलेला कटर बार यांपैकी काहीतरी कारण असते. रील चालण्याच्या वेगापेक्षा किंचितच जलद असावे. खालच्या शेंगा जमिनीलगत असतात, तेव्हा कापणी शक्य तितकी खालून करावी, परंतु दगडाळ शेतात हा हट्ट सोडावा.

कॅनव्हासकडे दुर्लक्ष करू नये. सुती कॅनव्हास दवाने आकसतो आणि ताणलेलाच राहिला तर बकल किंवा पट्ट्या फाटतात. म्हणून काम संपल्यावर तो सैल करावा, सकाळी पुन्हा ताणावा, आणि दोन्ही कडा सारख्या आहेत का ते पाहावे.

तुंबा काढण्यापूर्वी पीटीओ बंद करून, इंजिन थांबवून, सगळे भाग पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. अनेक जुन्या यंत्रांच्या पीटीओ शाफ्टवरील आवरण हरवलेले असते. ते बसवल्याशिवाय शेतात जाऊ नये. एक्झॉस्टच्या पाइपाभोवती साचलेला भुसा दर टाकी रिकामी करताना झाडावा आणि आग विझवण्याचे नळकांडे ट्रॅक्टरवरच ठेवावे.