निवृत्तीचा व्हिसा आणि रखडलेली विम्याची कागदपत्रे : कोणता कागद आधी, कोणता नंतर

निवृत्तीनंतर परदेशात राहण्यासाठी व्हिसाचा अर्ज करणाऱ्यांचे लक्ष बँकेतील शिल्लक आणि पेन्शनचे पुरावे यांवर खिळलेले असते. विमा म्हणजे हप्ता भरला की हाती येणारा कागद, असे बहुतेक जण धरून चालतात आणि अर्ज नेमका तिथेच अडकतो. इतर कागद एकेका कार्यालयातून मिळतात. विम्याच्या प्रमाणपत्राच्या बाबतीत मात्र अर्जदाराचा डॉक्टर, विमा कंपनीचा वैद्यकीय विभाग, सही करण्याचा अधिकार असलेला अधिकारी आणि दूतावास या चौघांकडची माहिती तंतोतंत जुळावी लागते. ही प्रक्रिया घाई करून फारशी वेगवान होत नाही. कामांचा क्रम बदलला, तर मात्र खूप वेळ वाचतो.

पहिले काम म्हणजे विम्याची अट मूळ शब्दांत मिळवणे. ज्या दूतावासात अर्ज दाखल करायचा आहे, त्याच्याच संकेतस्थळावरून ती उतरवून घ्यावी, तिची तारीख नोंदवावी आणि एजंटने तोंडी सांगितलेल्या सारांशावर विसंबू नये. या अटी बदलत असतात. थायलंडमध्ये ५० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी असलेल्या 'ओ-ए' व्हिसाला ३१ ऑक्टोबर २०१९ पासून आरोग्य विमा सक्तीचा झाला. तेव्हा बाह्यरुग्ण उपचारांसाठी ४०,००० बात (थायलंडचे चलन) आणि रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी ४,००,००० बात एवढे संरक्षण पुरत असे. पुढे ही अट ३० लाख बात किंवा १ लाख अमेरिकी डॉलरपर्यंत वाढवण्यात आली. जुना लेख वाचून पॉलिसी घेणाऱ्याला हा फरक अर्ज परत आल्यावरच कळतो.

काही देशांत रकमेपेक्षा विम्याच्या स्वरूपाला महत्त्व असते. नोकरी-व्यवसाय न करता स्पेनमध्ये राहू इच्छिणाऱ्यांसाठी जो निवासी व्हिसा आहे, त्यासाठी स्पेनमध्ये काम करण्याची परवानगी असलेल्या कंपनीचाच आरोग्य विमा लागतो. त्यात उपचारांच्या खर्चाचा कोणताही वाटा रुग्णाने उचलण्याची अट नसावी आणि प्रतीक्षा कालावधीही, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर काही उपचारांना संरक्षण न मिळण्याचा काळही, नसावा. युरोपातील अनेक देशांसाठी एकत्रित मिळणाऱ्या अल्पकालीन शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा प्रवास विमा पुरतो, म्हणून तोच इथेही चालेल अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे, कारण प्रवास विमा अचानक उद्भवलेल्या आजारासाठी असतो आणि निवासी व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याला वर्षभराच्या नेहमीच्या उपचारांची हमी हवी असते.

अट स्पष्ट झाल्यावर सर्व कागदांच्या मुदतींचा हिशेब मांडावा. थायलंडच्या 'ओ-ए' व्हिसासाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि वैद्यकीय दाखला तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. उत्साहाच्या भरात हे दाखले आधी काढून ठेवले आणि विमा कंपनीने निर्णयासाठी दोन महिने घेतले, तर दाखले शिळे होतात आणि सारे पुन्हा करावे लागते. म्हणून विम्याचा प्रस्ताव सर्वांत आधी दाखल करावा आणि कंपनीने तो स्वीकारल्याचे लेखी कळवल्यानंतरच अल्प मुदतीचे दाखले मागवावेत. बँकेचे ताजे विवरण तर अगदी शेवटी घ्यावे. पोलिसांचा दाखला मिळायलाच काही आठवडे लागत असतील, तर दूतावासात अर्ज देण्यासाठी ठरलेल्या भेटीच्या तारखेपासून उलटे दिवस मोजून तो कधी मागवायचा हे ठरवावे.

साठीच्या पुढच्या अर्जदाराच्या बाबतीत सर्वाधिक वेळ जातो तो वैद्यकीय छाननीत. मधुमेह, रक्तदाब किंवा पूर्वीची शस्त्रक्रिया यांची नोंद दिसली की कंपनी अहवाल मागवते, तो अपुरा वाटला तर दुसरा मागवते, आणि प्रत्येक फेरीत काही दिवस निघून जातात. हे टाळण्यासाठी अर्ज करण्याआधीच एक वैद्यकीय फाइल तयार ठेवावी. प्रत्येक आजाराचे निदान कोणत्या वर्षी झाले, सध्या कोणती औषधे किती मात्रेत चालू आहेत, अलीकडच्या तपासण्यांचे अहवाल, रुग्णालयातून घरी सोडतानाचे कागद आणि प्रकृती स्थिर असल्याचे नेहमीच्या डॉक्टरांचे पत्र एवढे तिच्यात असावे. आजार लपवल्यास पॉलिसी लवकर मिळेल हा विचार अत्यंत घातक आहे. पुढे परक्या देशात दाव्याच्या वेळी ती माहिती उघड होते आणि दावा नाकारला जातो. कंपनीला सुरुवातीलाच तीन प्रश्न लेखी विचारावेत : नव्या ग्राहकासाठी वयाची कमाल मर्यादा काय, कोणत्या तपासण्या लागतील, आणि आधीपासूनचे आजार पॉलिसीतून वगळले जातील का.

आता प्रत्यक्ष प्रमाणपत्राकडे वळू. माझ्या मते या लेखातला हा भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचायचा आहे. पॉलिसी मंजूर झाली म्हणजे दूतावासाला हवा तो कागद मिळालाच असे नाही. थायलंडबाहेरच्या कंपनीची पॉलिसी असेल, तर ठरावीक नमुन्यातील विमा प्रमाणपत्र कंपनीने भरून, सही-शिक्क्यासह द्यावे लागते. पण पॉलिसी देणाऱ्या कर्मचाऱ्याला दुसऱ्याच्या नमुन्यावर सही करण्याचा अधिकार बहुधा नसतो. मग तो नमुना कायदा विभागाकडे जातो आणि तिथे पडून राहतो. यावर उपाय एकच आहे. हप्ता भरण्याआधी कोरा नमुना कंपनीला पाठवावा आणि त्यावर सही कोण करणार, किती दिवसांत करणार, हे लेखी घ्यावे. कंपनीने नकार दिला, तर पैसे गुंतण्यापूर्वीच दुसरी कंपनी शोधता येते.

ठरावीक नमुना नसेल, तर प्रमाणपत्राचा मसुदा आपणच तयार करून द्यावा आणि त्यात दूतावासाच्या अटीतील शब्द जसेच्या तसे वापरावेत. नाव पासपोर्टवर आहे तसे, मधल्या नावासकट असावे. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, देशाचे नाव, विम्याची रक्कम आणि तिचे चलन, सुरुवातीची व शेवटची तारीख या नोंदी पहिल्याच पानावर याव्यात. पॉलिसीत 'अमर्याद संरक्षण' असे लिहिले असले तरी प्रमाणपत्रात आकडा मागून घ्यावा, कारण तपासणारा अधिकारी अटीतला आकडा कागदावर शोधत असतो. पती-पत्नी एकाच पॉलिसीत असतील, तर दोघांची स्वतंत्र प्रमाणपत्रे घ्यावीत.

विमा कधीपासून सुरू व्हावा, हेही विचारपूर्वक ठरवावे. तो फार लवकर सुरू केला, तर व्हिसा येईपर्यंतचे महिने वाया जातात. थायलंडमध्ये तर प्रवेशाच्या वेळी मिळणारी राहण्याची मुदत विम्याच्या उरलेल्या मुदतीशी जोडलेली असते, त्यामुळे वाया गेलेला महिना मुक्कामातूनही वजा होऊ शकतो. विमा सुरू होण्याची तारीख एकदा तरी पुढे ढकलता येईल का, हे प्रस्ताव देतानाच विचारावे.

काही दूतावासांना कागदावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी प्रमाणन शिक्का, आणि भाषांतर लागते. अपोस्टिलची पद्धत ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून आली असून ती सरकारी दस्तऐवजांसाठी आहे. खासगी विमा कंपनीच्या पत्रावर ते थेट मिळत नाही. आधी नोटरीकडून साक्षांकन करून घ्यावे लागते आणि अपोस्टिल त्या साक्षांकनावर होते. भाषांतर त्यानंतर करावे, म्हणजे शिक्क्यांतील मजकूरही त्यात येतो. ज्या देशात जायचे आहे तिथल्याच कंपनीकडून तिथल्याच भाषेतील प्रमाणपत्र मिळाले, तर ही सगळी यातायात बहुधा टळते. हप्ता थोडा जास्त असला तरी तो पर्याय मी आधी पाहीन.

एवढे करूनही उशीर झालाच, तर फोनवर विचारत बसू नये. एकाच ईमेलच्या साखळीत प्रस्ताव क्रमांकासह विचारावे की काम नेमके कोणत्या टप्प्यावर, कोणाकडे थांबले आहे आणि आपल्याकडून काही यायचे बाकी आहे का. कित्येकदा प्रयोगशाळेने अहवाल कंपनीला पाठवलेलाच नसतो आणि दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत असतात. ठरलेली तारीख उलटल्यास कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी आणि तिथेही उत्तर न आल्यास त्या देशाच्या विमा नियामकाकडे जावे. दरम्यान, प्रमाणपत्र नंतर सादर केले तर चालेल का, हे दूतावासाला भेटीच्या दिवसाआधी विचारावे. चालत नसेल तर भेट पुढे ढकलणे हिताचे. हप्त्याची पावती किंवा कंपनीने दिलेला दराचा अंदाज प्रमाणपत्र म्हणून जोडू नये.

व्हिसा नाकारला गेल्यास हप्ता परत मिळेल का, याचे उत्तर पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे, कारण परतावा मागताना दूतावासाच्या नकारपत्रासोबत तेच उत्तर दाखवावे लागते. आणि सध्या चालू असलेला जुना आरोग्य विमा नव्या विम्याचे संरक्षण प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत मुळीच बंद करू नये. उतारवयात एकदा सुटलेली पॉलिसी पुन्हा त्याच अटींवर मिळणे कठीण असते, आणि व्हिसाच्या प्रतीक्षेतले ते काही आठवडे विम्याशिवाय काढण्याची जोखीम कोणीही घेऊ नये.