मॉन्स्टेराची पानं फाटत नाहीयेत? आधी हे बघा

मॉन्स्टेरा म्हणजे मोठ्या, चिरा पडलेल्या पानांचं घरात ठेवायचं रोप. त्या चिरा पडत नसतील तर सगळ्यात आधी जागा बदला, कारण नव्वद टक्के वेळा घोळ उजेडाचाच असतो. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नको, पानं करपतात. आणि रोप लहान असेल तर थांबा जरा, सुरुवातीची पानं अख्खीच येतात.

हा मुळात दक्षिण मेक्सिको ते पनामाच्या जंगलातला वेल, झाडाला धरून वर चढणारा, त्यामुळे कोको स्टिक (नारळाचा काथ्या गुंडाळलेली काठी) लावाच, नाहीतर तो आडवा पसरतो. खोडातून दोरीसारखी तपकिरी मुळं लोंबतात ना, ती कापू नका प्लीज, स्टिककडे वळवा आणि स्टिक ओली ठेवा.

पाणी मात्र बेतानं. बोटाची दोन पेरं मातीत घालायची, कोरडं लागलं तरच घालायचं, मी पहिल्या पावसाळ्यात रोज घालत बसले आणि कुंडी उपसली तर मुळं काळी, लिबलिबीत, वास तर विचारूच नका. आता मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके पांढरे खडे) आणि झाडाच्या सालीचे तुकडे मिसळते, पाणी थांबत नाही.

घरात मांजर असेल तर उंचावर ठेवा, पान चावलं की तोंडाची आग होते.